माळ्यावरचा व्हिडिओ गेम पुन्हा टीव्हीवर आणायचा तर

मुंबईतल्या पुष्कळ घरांत माळ्यावर, दिवाळीच्या कंदिलांच्या खोक्यामागे एक पिशवी असते. तिच्यात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, वायर गुंडाळलेले दोन रिमोट, चार-पाच कॅसेट आणि असलीच तर एक बंदूक. ‘बंद पडलाय’ म्हणून तो ठेवलेला असतो आणि घर रंगवायला काढलं की भंगारात जातो. फार वाईट वाटतं ते बघून, कारण हा डबा खरोखर मेलेला क्वचितच असतो. बिघाड बहुतेक वेळा तीन जागी सापडतो: अडॅप्टर, कॅसेटचे कॉन्टॅक्ट आणि रिमोटची वायर. तिन्ही घरच्या घरी दुरुस्त होतात. फक्त आधी हे यंत्र कशाची नक्कल आहे ते समजून घ्यावं लागतं. किती व्होल्ट द्यायचे, चित्र काळंपांढरं का येतं, आवाज असून आकृत्यांचा चुराडा का दिसतो, याची उत्तरं थेट १९८३ सालच्या क्योटोपर्यंत जातात.

डब्याचं घराणं

१५ जुलै १९८३ रोजी क्योटोच्या निन्टेन्डोने जपानमध्ये ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. लोकांनी त्याचं ‘फॅमिकॉम’ करून टाकलं. किंमत होती १४,८०० येन. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखालच्या विभागाने तो तयार केला. आत रिकोह कंपनीच्या दोन मुख्य चिप होत्या: एक १.७९ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ जातीचा प्रोसेसर, ज्याच्या पोटातच आवाजाची यंत्रणा होती, आणि दुसरी फक्त चित्रं काढणारी. कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. पहिल्या खेपेत दोष निघाला तेव्हा कंपनीने मशिनं परत घेऊन आतले बोर्ड बदलून दिले, आणि सुरुवातीची चौकोनी रबरी बटणं अडकायची म्हणून त्यांच्या जागी गोल प्लास्टिकची आली.

अमेरिकेत हेच यंत्र १९८५ मध्ये ‘एनईएस’ नावाने, वेगळ्या करड्या खोक्यात गेलं. तिकडच्या कॅसेटला ७२ पिन दिल्या आणि परवान्याशिवाय बनवलेली कॅसेट चालू नये म्हणून आत एक कुलपाची चिप बसवली. जपानी मॉडेलची कॅसेट ६० पिनची होती आणि तिला असं कुलूप नव्हतंच. तैवान, हाँगकाँग आणि चीनमधल्या कारखान्यांनी नक्कल उचलली ती या बिनकुलपाच्या जपानी मॉडेलची. तैवानच्या यूएमसी या चिप कंपनीने दोन्ही मुख्य चिपच्या प्रती काढल्या. पुढे सगळं एकाच चिपमध्ये आलं आणि तिच्यावर काळ्या राळेचा थेंब टाकून बोर्ड स्वस्तात बनू लागले. रशियात त्याला ‘डेंडी’ म्हणत, पोलंडमध्ये ‘पेगासस’. आपल्याकडे नव्वदच्या दशकात समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं घरोघरी पोचली आणि त्यांच्या आगेमागे कुठलंच नाव नसलेले असंख्य डबे आले.

निन्टेन्डोने या घराण्याची ६ कोटी १९ लाख यंत्रं विकली. नकला त्यात धरलेल्या नाहीत. जपानमधलं उत्पादन २००३ मध्ये थांबलं आणि सुटे भाग उरले नाहीत म्हणून २००७ मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. म्हणजे अस्सल असो की नक्कल, आता जे काही करायचं ते आपल्यालाच.

तुमच्या डब्याची पिढी ओळखायची सोपी खूण आतल्या बोर्डावर आहे. मोठ्या ४० पायांच्या दोन चिप दिसल्या आणि त्यांवर ‘यूए६५२७’सारखे आकडे असले, तर तो जुना, दणकट प्रकार. असा बोर्ड जपून ठेवा, कारण त्याची एकेक चिप बदलता येते. नुसता काळा थेंब दिसला तर तो नंतरचा. तो थेंब आतून गेला तर उपाय नाही, बाकी सगळं दुरुस्त होतं. बाहेरच्या रूपावर जाऊ नका. दोन हजारच्या आसपास प्लेस्टेशनच्या आकाराचे डबे आले होते. सीडीचं झाकण उघडलं की आत तीच ६० पिनची कॅसेटची खाच निघायची.

सामान

मल्टिमीटर हवाच, आणि त्यात कंटिन्युइटीचा बीप (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणारा) असलेला घ्या. त्याशिवाय १ नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिमीची ६०/४० सोल्डर वायर, सोल्डर नीट चिकटावं म्हणून थोडं फ्लक्स, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (५० मिली पुष्कळ झालं), कानात घालायच्या कापसाच्या काड्या, पांढरं खोडरबर, जुना टूथब्रश. सुट्या भागांत १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक कपॅसिटर, २२० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक आणि ७८०५ हा व्होल्ट ५ वर आणणारा रेग्युलेटर.

हे सगळं ग्रँट रोड स्टेशनहून चालत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात. जुन्या कॅसेट आणि रिमोट शोधायचे तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथे शुक्रवारी दुकानं बंद. जाताना घरची एक कॅसेट आणि रिमोटचं टोक बरोबर न्या. ६० पिनची कॅसेट आणि ७२ पिनची कॅसेट हातात घेतल्याशिवाय नीट कळत नाही, आणि रिमोटची टोकंही ९ पिनची आणि १५ पिनची अशी दोन प्रकारची येतात.

आधी अडॅप्टर, मग बाकी सगळं

जुना अडॅप्टर सरळ मशिनमध्ये घालून खटका दाबणं ही सगळ्यांत महाग पडणारी घाई. त्या जड ठोकळ्यात एक ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर असतो. वीस-पंचवीस वर्षांत तो कपॅसिटर सुकतो. आधी भिंतीच्या सॉकेटला लावून मोकळ्या टोकावर डीसी व्होल्ट मोजा. ‘९ व्होल्ट’ लिहिलेल्या जुन्या अडॅप्टरवर १२ ते १४ दिसले तर घाबरू नका. लोड नसताना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर जास्तच दाखवतो आणि मशिन जोडलं की खाली येतो. शून्य दिसलं, किंवा मशिन जोडल्यावर आकडा ७ च्या खाली घसरला, तर अडॅप्टर टाकून द्या. तो उघडून दुरुस्त करत बसू नका, आत २३० व्होल्ट असतात. २६ जुलै २००५ च्या पाण्यात ज्यांच्या घरचं सामान बुडालं होतं त्यांनी त्यातला अडॅप्टर मोजूसुद्धा नये. मशिन धुऊन वाळवून वाचू शकतं, बुडालेल्या ट्रान्सफॉर्मरचा भरवसा नाही.

नवा घेताना ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलीअँपिअर किंवा जास्त असा एसएमपीएस (जड ठोकळ्याऐवजी येणारा हलका अडॅप्टर) घ्या. अँपिअर जास्त असले तर काहीच बिघडत नाही, मशिन हवे तेवढेच ओढतं. व्होल्ट मात्र वाढवू नका. आतला ७८०५ वरचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवून ५ व्होल्ट देतो. ३०० मिलीअँपिअर ओढणाऱ्या मशिनला ९ व्होल्ट दिले तर (९ − ५) × ०.३, म्हणजे १.२ वॉटची उष्णता. १२ व्होल्ट दिले तर २.१ वॉट. त्या बोटभर पत्र्याच्या हीटसिंकला मे महिन्याच्या दुपारी ही दुसरी उष्णता झेपत नाही. अर्ध्या तासाने खेळ गोठतो आणि दोष कॅसेटवर जातो.

आता खरी खुबी: टोकाची दिशा. अस्सल फॅमिकॉमचा अडॅप्टर १० व्होल्ट, ८५० मिलीअँपिअरचा आणि त्याची मधली पिन निगेटिव्ह. बाजारातले आजचे बहुतेक अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्ह ठेवतात, आणि नकलांत दोन्ही तऱ्हा सापडतात. उलटं दिलं तर रेग्युलेटर आणि त्याच्या अलीकडचा कपॅसिटर जातो. म्हणून अंदाज नको, मोजा. मशिनचं खालचं झाकण उघडा, अडॅप्टर काढलेलाच असू द्या. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक ७८०५ च्या धातूच्या पाठीवर टेकवा. ती पाठ म्हणजेच ग्राउंड. दुसरं टोक अडॅप्टरच्या सॉकेटमधल्या पिनला आणि मग कडेच्या पत्तीला लावून बघा. जिथे बीप वाजेल ती बाजू निगेटिव्ह. मधल्या पिनला वाजला तर मधली निगेटिव्ह. दोन्हीकडे वाजलाच नाही तर आत चार डायोडचा ब्रिज आहे का बघा. असला तर दिशा कशीही चालते. कळलेली दिशा झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर मात्र कधीच लावू नका. तो ९ व्होल्ट एसी देतो. त्या मशिनमध्ये ब्रिज आहे, फॅमिकॉममध्ये नाही.

झाकण उघडल्यावर

मुंबईतल्या डब्यात पहिल्यांदा दिसतं ते झुरळांचं राज्य. रेग्युलेटरची ऊब त्यांना आवडते. टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणाऱ्या मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीशेजारी त्यांची तपकिरी विष्ठा आणि अंड्यांची टरफलं चिकटलेली असतात, आणि ओल धरली की त्यातून वीज वाट काढते. ब्रशने कोरडं झाडा, मग अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या ब्रशने घासा आणि पंख्याखाली तासभर वाळू द्या.

नंतर अडॅप्टर लावून व्होल्ट मोजा. ७८०५ ची अक्षरं दिसतील असा धरला तर डावीकडून पाय असे: इनपुट, ग्राउंड, आउटपुट. इनपुटवर ७ ते १२ च्या मध्ये काही असावं, आउटपुटवर ४.८ ते ५.२. इनपुट आहे आणि आउटपुट नाही, तर तो बदला. तीन पायांचं काम आहे, दहा मिनिटांत होतं. इनपुटच नाही, तर आधी खटका तपासा. सरकता खटका आतून काळा पडलेला असतो; त्यात अल्कोहोलचे दोन थेंब सोडून वीस वेळा मागेपुढे केला की बहुतेक वेळा काम होतं.

चित्रावर वर-खाली सरकणारे जाड आडवे पट्टे आणि घूं असा आवाज, हे दोन्ही एकत्र आले तर फिल्टरचा कपॅसिटर सुकला आहे. इनपुटकडे १००० मायक्रोफॅरड, आउटपुटकडे २२० बसवा. कपॅसिटरच्या अंगावरचा पांढरा पट्टा निगेटिव्ह पायाकडे असतो. उलटा बसवला तर तो फुगतो आणि फुटतो.

कॅसेट

इथे हात सैल सोडायचा नाही. मशिन चालू आहे, दिवा लागतोय, पण पडदा नुसता करडा किंवा एकाच रंगाचा राहतो, अशा मशिनपैकी फार मोठा भाग कॅसेट स्वच्छ करताच चालू होतो.

का, ते पिनांच्या मांडणीत आहे. ६० पिन म्हणजे ३०-३० च्या दोन रांगा. प्रत्येक रांगेच्या साधारण अर्ध्या भागात प्रोग्रामच्या तारा आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात चित्रांच्या. फॅमिकॉममध्ये प्रोसेसर प्रोग्राम वेगळ्या वाटेने वाचतो आणि चित्रांची चिप आकृत्या वेगळ्या वाटेने, थेट कॅसेटमधून. त्यामुळे पडदा बघूनच घाण कुठल्या बाजूला आहे ते सांगता येतं. संगीत चालू, खेळ पुढे सरकतोय, बटणं ऐकतायत, पण मारिओच्या जागी अक्षरांचा आणि ठिपक्यांचा चुराडा: चित्रांच्या बाजूची पिन लागत नाहीये. एकच रंग आणि शांतता, किंवा खेळ मध्येच गोठून आवाजाचा एकच सूर लांबत राहणं: प्रोग्रामची बाजू. मग सगळ्या ६० पिना पुसाव्यातच, पण त्या बाजूला जास्त वेळ द्यावा.

कॅसेट खिडकीजवळ तिरकी धरून बघा. चांगली पिन एकसारखी पिवळी चमकते. जिच्यावर तपकिरी साय चढली आहे ती खोडरबराने निघते. जिच्यावर हिरवे ठिपके आहेत तिथे खारी हवा तांब्यापर्यंत पोचली आहे.

साय असेल तर पांढरं खोडरबर पिनेच्या लांबीच्या दिशेने, आतून कडेकडे, आठ-दहा वेळा फिरवा. आडवं घासू नका, पिनेची कड उचलली जाते. शाई खोडायचं निळं रबर आणि पॉलिश पेपर यांना तर हातही लावू नका. त्यांच्यात रेती असते आणि वरचा थर इतका पातळ असतो की एकदा गेला की तांबं उघडं पडतं. मग पहिल्या पावसाळ्यातच ती पिन काळी होते. रबराचा चुरा ब्रशने झाडून काडीवर अल्कोहोलचे दोन-तीन थेंब घ्या आणि पुसा. काडी काळी निघाली की नवी घ्या. पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. एका कॅसेटला सहा-सात काड्या सहज जातात. हिरवा गंज असेल तर आधी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन काडीने एक मिनिट लावा, डिस्टिल्ड वॉटरने पुसून काढा, मग अल्कोहोल. पाच मिनिटं वाळल्याशिवाय मशिनमध्ये घालू नका.

फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरेने कॅसेट चालते खरी, पण ती मुख्यतः काढून पुन्हा बसवल्यामुळे, आणि थोडी तोंडातल्या ओलाव्यामुळे. तोच ओलावा नंतर पिना खातो. आज दिसणारे हिरवे ठिपके पुष्कळदा त्या फुंकरांचेच असतात.

मशिनची खाचही साफ करायची. त्यासाठी जुनं एटीएम कार्ड उत्तम. ते ०.७६ मिमी जाड असतं आणि कॅसेटची पट्टी साधारण १.२ मिमी, म्हणजे कार्डाला पातळ सुती कापडाचा एक पदर गुंडाळला की माप जुळतं. कार्ड ८५.६ मिमी लांब असतं आणि खाच त्याहून आखूड, तेव्हा ते आधी ७५ मिमीवर कापा. कापड अल्कोहोलने ओलसर करून सरळ आत घाला, सरळ बाहेर काढा, दहा वेळा. डावीउजवीकडे हलवलं तर पत्त्या वाकतात. स्वच्छ करूनही कॅसेट दाबून धरल्यावरच चालत असेल तर पत्त्या सैल पडल्या आहेत. वीज बंद करून, बारीक सुईने प्रत्येक पत्ती किंचित, केसभरच, आतल्या बाजूला ओढा. जोर केला तर तुटते आणि मग अख्खा कनेक्टर बदलावा लागतो. तो घेताना पिनांमधलं अंतर २.५४ मिमी आहे ना, हे विचारून घ्या.

कॅसेट काढता-घालताना मशिन बंदच हवं, आणि लेबल खेळणाऱ्याकडे.

रिमोट

रिमोटचं तर्कशास्त्र सुंदर आहे आणि ते कळलं की दुरुस्ती पाच मिनिटांची. आठ बटणं असूनही वायरी पाचच असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक आणि डेटा. आतली ४०२१ जातीची छोटी चिप (किंवा तिचाच काळा थेंब) आठही बटणांची स्थिती एका क्षणी टिपते आणि डेटाच्या एकाच तारेवरून रांगेने पाठवते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. म्हणून एकच बटण मेलं असेल तर दोष त्या बटणाच्या रबरात. सगळी एकदम मेली असतील, किंवा वायर वाकवली की जिवंत होत असतील, तर दोष वायरीत.

वायर तुटते ती जवळपास नेहमी रिमोटच्या तोंडाशी, जिथे ती गुंडाळताना मुडपली गेली. रिमोट उघडून पाचही तारा टोकापासून टोकापर्यंत बीपवर तपासा, तपासताना वायर हलवा. तुटकी सापडली की तोंडापासून ५ सेंटिमीटर वायर कापून टाका आणि पाचही तारा पुन्हा सोल्डर करा. कापण्याआधी कुठला रंग कुठे जातो त्याचा फोनवर फोटो घ्या. रंगांवर विश्वास ठेवू नका, एकाच डब्यातल्या दोन रिमोटांतही ते वेगळे निघतात. ९ पिनच्या टोकात साधारणपणे २ नंबरला डेटा, ३ ला लॅच, ४ ला क्लॉक, ६ ला ५ व्होल्ट आणि ८ ला ग्राउंड असतं. तरी वेगळ्या मशिनचा रिमोट लावण्याआधी निदान ६ आणि ८ मीटरने पडताळा.

रबराच्या बाबतीत बोर्डावरचा काळा भाग अल्कोहोलने हलकेच पुसा; जोरात घासलं तर तो कार्बनच निघून येतो. रबराखालची काळी गोळी कोरड्या कापडाने पुसा. तेवढ्याने भागलं नाही तर टीव्हीच्या रिमोटसाठी मिळणाऱ्या चिकटवायच्या कंडक्टिव्ह गोळ्या लावा. चॉकलेटची चांदी चिकटवायचा जुना उपाय चालतो, पण ती बोर्डावरचा कार्बन खरवडते. महिन्याभरासाठी ठीक, कायमचा नको.

दुरुस्ती झाली की तपासायची छान पद्धत कॉन्ट्राच्या कॅसेटमध्ये आहे. शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि मग स्टार्ट. तीस जीव मिळाले तर सिलेक्ट सोडून सातही बटणं ठणठणीत आहेत. मात्र काही नकली कॅसेट मुळातच तीस जीव देतात. ते आधी बघून घ्या.

टीव्ही

जुन्या डब्यातून दोन वाटांनी चित्र बाहेर येतं: अँटेनाच्या सॉकेटमध्ये जाणारी आरएफ वायर, आणि पिवळी-पांढरी एव्ही. एव्ही असेल तर दुसरा विचारच नको. आरएफमध्ये चित्र आणि आवाज एकत्र मिसळून पुन्हा वेगळे केले जातात, त्यात मुंग्या येतात. आरएफच असेल तर टीव्हीच्या मेनूत अॅनालॉग चॅनेलचा शोध मशिन चालू ठेवून लावा. डीटीएचच्या सेटटॉप बॉक्समधून ते कधीच दिसणार नाही. एव्ही मुळीच नसेल तर मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीत जाणाऱ्या पिनांपैकी व्हिडिओची आणि ऑडिओची पिन शोधून तिथून दोन तारा आणि ग्राउंड बाहेर काढता येतात. चित्र अंधारं किंवा सरकणारं आलं तर मध्ये सिग्नलला जोर देणारा एका ट्रान्झिस्टरचा बफर लागतो.

नव्या टीव्हीत पिवळी जागा दिसत नाही म्हणून लोक हताश होतात. ती पुष्कळदा हिरव्या सॉकेटमध्येच मिसळलेली असते किंवा ‘एव्ही इन’ लिहिलेल्या ३.५ मिमीच्या छोट्या भोकात. त्या भोकासाठी चार कड्यांची जॅक असलेली वायर लागते. कड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे चित्राच्या जागी घूं आवाज आला तर पिवळी, पांढरी आणि लाल टोकं आलटून पालटून बघा. एचडीएमआयच असेल तर कन्व्हर्टर घ्या, पण खोक्यावर एव्हीकडून एचडीएमआयकडे जाणारा बाण आहे ना ते नीट बघा. उलट्या दिशेचा कन्व्हर्टर हुबेहूब तसाच दिसतो आणि चुकून तोच घरी येतो. कन्व्हर्टरला वेगळे ५ व्होल्ट द्यावे लागतात. फोनचा चार्जर पुरतो. टीव्ही गेम मोडवर टाका, नाहीतर बटण दाबल्यानंतर मारिओ उशिरा उडतो आणि खड्ड्यात पडतो. मध्ये दुसरं प्रोसेसिंग जितकं कमी तितकं बरं.

चित्र काळंपांढरं आलं तर मशिन बिघडलेलं नाही. भारतातला टीव्ही पाल या रंगीत चित्राच्या पद्धतीचा, ५० हर्ट्झचा. जपान-अमेरिकेची मशिनं एनटीएससी, ६० हर्ट्झची. बोर्डावरचा चकचकीत क्रिस्टल वाचा: २१.४७७ लिहिलं असेल तर एनटीएससी, २६.६०१ असेल तर पाल. एनटीएससी असेल तर टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी ३.५८’ करा, कन्व्हर्टरवर त्यासाठी एक बारीक खटकाही असतो. पाल मशिनवर काही खेळ संथ वाटतात ते खरंच आहे: सेकंदाला ६० च्या जागी ५० चित्रं, म्हणजे वेग सहाव्या हिश्श्याने कमी.

जो बिघाड नाही, त्याच्या मागे लागू नका

गर्दी झाली की शत्रू लुकलुकतात, ते मूळ यंत्रातही आहे. चित्रांची चिप पडद्यावर एकूण ६४ हलत्या आकृत्या ठेवू शकते, पण एका आडव्या ओळीत ८ च. नववी आली की एखादी गायब होते, म्हणून खेळ आळीपाळीने त्यांना दाखवतात.

संगीत जपानी रेकॉर्डिंगपेक्षा वेगळं, जरा घोगरं वाटतं. बऱ्याच नकली चिपमध्ये दोन चौकोनी लहरींचे प्रकार एकमेकांच्या जागी गेले होते. आपल्यापैकी पुष्कळांनी मारिओचं संगीत पहिल्यांदा असंच ऐकलं, तेव्हा अस्सल सूर आता परके वाटले तर नवल नाही.

‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजके खेळ असतात. यादीत तेच पुन्हा वेगळ्या टप्प्यापासून सुरू होतात. खेळ मात्र लबाड नाहीत. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स पूर्ण ४० किलोबाइटचा आहे, ३२ प्रोग्रामचे आणि ८ चित्रांचे. सकाळी फोनवर येणारा सुप्रभातचा एक फोटोही यापेक्षा मोठा असतो.

आणि बंदूक. बदकं मारायचा खेळ एलसीडीवर चालणार नाही, कितीही सोल्डर करा. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला सेन्सर त्या चौकोनाची चमक पिक्चर ट्यूबच्या ठरावीक वेगात शोधतो. एलसीडीचं चित्र उशिरा येतं आणि तशी चमकही देत नाही. ट्यूबवाला टीव्ही अजून घरात असेल तर बंदुकीसाठी तो ठेवा. त्याचं मागचं झाकण मात्र उघडू नका, बंद करून ठेवलेल्या ट्यूबमध्येही जीवघेणं व्होल्टेज शिल्लक असू शकतं.

पावसाळ्याआधी

मे संपता संपता सगळं एकदा चालवून बघा. मग कॅसेट वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत, प्रत्येकीत सिलिका जेलची एक पुडी, आणि त्या पिशव्या झाकणाच्या डब्यात. माळ्यापेक्षा कपाटाचा मधला कप्पा बरा, कारण माळ्याच्या भिंतीला ओल येते. रिमोटची वायर रिमोटभोवती आवळून गुंडाळू नका. सैल वेटोळं करून वेगळं ठेवा, तोंडाशी वळण न देता. मशिनच्या खाचेत कॅसेट अडकवून ठेवू नका, पत्त्या महिनोन्‌महिने ताणलेल्या राहतात. तिथे कागदाची घडी नको, कागद ओल शोषतो. प्लास्टिकचं झाकण किंवा चिकटपट्टीचा तुकडा पुरे. गणपतीच्या सुट्टीत मुलं घरी असतात तेव्हा एकदा अर्धा तास चालवा, रेग्युलेटरच्या उबेने आतली ओल निघून जाते. पुड्यांचे दाणे निळ्याचे गुलाबी झाले असतील तर त्या दिवशीच बदला.